वंशावळ पुरे, परीक्षण करा

नव्या गाण्यांकडे मराठीचे प्राध्यापक ढुंकूनही पाहत नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली. ‘गली बॉय’ हा चित्रपट २०१९ मध्ये आला आणि त्यानंतर आपल्या चर्चासत्रांच्या विषयपत्रिकांवरही रॅप दिसू लागला. वंचितांचा उद्गार, प्रतिकाराचे नवे रूप, शाहिरी परंपरेचा नवा आविष्कार अशा धाटणीची भारदस्त शीर्षके आता आपल्या परिचयाची आहेत. माझी तक्रार या निबंधांविषयीच आहे. त्यांतले बरेच मी ऐकले आहेत, काही वाचले आहेत, आणि त्यांत एक साधे वाक्य मला अद्याप भेटलेले नाही: ‘हा अल्बम फसला आहे.’ किंवा, ‘यातले तिसरे गाणे उत्तम आहे, आणि ते अमुक एका कारणाने उत्तम आहे.’

कवितासंग्रहाविषयी असे वाक्य लिहिणे हे आपले रोजचे काम आहे. पंचवीस-तीस कवितांपैकी चार खऱ्या आणि बाकी भरताड, असे आपण निःसंकोच लिहितो; कवी रागावतो, मित्र तुटतो, तरी लिहितो. गाण्याचा संग्रह समोर आला की मात्र हीच मंडळी एकाएकी समाजशास्त्रज्ञ किंवा इतिहाससंशोधक होतात. गाणे चांगले आहे की वाईट, हा प्रश्न विचारणे असभ्यपणाचे ठरते. माझ्या मते हा असभ्यपणा आपण करायलाच हवा. ज्याच्या कृतीला वाईट म्हणता येत नाही, त्याच्या कृतीला आपण कृती मानलेलेच नसते. नमुना मानलेले असते.

सर्वांत लोकप्रिय पळवाट वंशावळीची. ‘रॅप म्हणजे आजचा पोवाडा’ हे विधान मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला आता म्हणीचा दर्जा द्यायला हरकत नाही. या विधानात तथ्य नाही असे कोण म्हणेल? कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे सवाल-जवाब आणि रॅपरांची समोरासमोरची झुंज यांत साम्य आहेच. रामजोशींनी संस्कृत, मराठी, कानडी अशा भाषा एकाच रचनेत नांदवल्या. एकनाथांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’त दखनी वळणाची हिंदुस्थानी आणि मराठी एकमेकींना भिडतात. ज्ञानेश्वरांची पालखी दरवर्षी आळंदीहून निघून आमच्या विश्रांतवाडीच्या चौकातून पुण्याकडे जाते तेव्हा रस्त्यावर जी बोली कानी पडते, तीही पाठ्यपुस्तकातली शुद्ध मराठी नसते. भाषेची सरमिसळ हा रॅपने लावलेला शोध नाही, हे सांगण्यापुरती वंशावळ उपयोगी आहे.

पण तिथेच थांबले की वंशावळ हे दाखल्याचे काम करू लागते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, तसा परंपरेचा दाखला. तो मिळाला की गाणे अभ्यासक्रमात बसायला पात्र. मग ते ऐकण्याची गरज उरत नाही. शिवाय पोवाड्याशी असलेले साम्य मोजण्याच्या नादात महत्त्वाचा भेद नजरेआड होतो. शाहीर दुसऱ्याची कथा सांगतो. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास स्वतःचे नाव घालतो ते शेवटी, कर्तेपणाची नोंद म्हणून. पोवाडा त्याच्याविषयी नसतो. संतांच्या अभंगातली नाममुद्राही अशीच, बहुधा नम्रतेने टेकवलेली. रॅपमध्ये नाममुद्रा आरंभी येते, मध्ये येते, पुन्हापुन्हा येते, आणि गाण्याचा विषयच बहुधा ती असते. मी कोण, मी कुठून आलो, माझ्यावर कोण जळते. हा भेद किरकोळ नाही. ‘मी’ इतका मोठा झाल्यावर गाण्यात बाकीच्यांना किती जागा उरते, हा परीक्षणाचा पहिला प्रश्न असायला हवा.

एमसी स्टॅनचेच घ्या. विश्रांतवाडीहून निघून येरवडा आणि बंडगार्डनचा पूल ओलांडला की पुणे स्टेशनजवळ ताडीवाला रोड लागतो. त्या वस्तीत वाढलेल्या या मुलाचा ‘तडीपार’ हा अल्बम २०२० मध्ये आला, ‘इन्सान’ २०२२ मध्ये, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ‘बिग बॉस’च्या सोळाव्या हंगामाचा विजेता झाला. वर्तमानपत्रांनी यशोगाथा छापली. झोपडपट्टीतून कोट्यधीश वगैरे. आमच्या प्राध्यापक मंडळींपैकी काहींनी नाक मुरडले, काहींनी त्याला परिघावरचा आवाज म्हटले. अल्बम कुणी ऐकला?

निदान शीर्षक तरी वाचायचे. ‘तडीपार’ हा शब्द आपल्या दैनिकांच्या गुन्हेवार्तेत नेहमी भेटतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५५ ते ५७ खाली एखाद्याला जिल्ह्याबाहेर घालवण्याची ही कारवाई. तड म्हणजे काठ. ‘तडीस नेणे’ मधली तडही तीच. एखादे काम तडीस नेणारा तो कर्तबगार, आणि ज्याला तडीच्या पलीकडे घालवले तो गुंड. शासनाने माणसाला चिकटवलेला हा शब्द गायक उचलतो आणि पदवीसारखा मिरवतो. त्यात ताडीवाला आणि तडीपार या दोन शब्दांचा नादही एकमेकांत मिसळतो. तो त्याने जाणून साधला की नकळत साधला गेला, याला महत्त्व नाही. कवितासंग्रहाचे शीर्षक असते तर यावर आपण दोन पाने लिहिली असती. पुढे दूरचित्रवाणीवरून देशभर गेलेला त्याचा ‘शेमडी’ हा शब्द घ्या. आपल्या शेंबडाचाच तो अवतार! मराठी घरातली, लहान मुलांना दटावण्याची शिवी पुण्याच्या वस्तीतल्या हिंदीत शिरली, अनुस्वार टाकून हलकी झाली आणि तिथून सगळीकडे गेली. भाषाविज्ञान शिकवणाऱ्यांना हे उदाहरण आयते मिळाले आहे. ते घेताना मात्र मी कुणाला पाहिले नाही.

आता दोष. ‘तडीपार’मध्ये एक भूगोल आहे. रस्ता आहे, पोलीस आहे, पैशाची चणचण आहे, मित्र आहेत आणि त्यांच्यावरचा अविश्वास आहे. ‘मी’ कितीही फुगला तरी त्याला टेकायला भिंत आहे. ‘इन्सान’मध्ये ही भिंत पातळ होते. प्रेमभंग आणि द्वेष करणारे अनाम लोक, एवढ्या दोन खुंट्यांवर गाणी टांगलेली वाटतात. ऑटोट्यूनने आवाजाला आणलेला लाडिक कंप प्रथम हृद्य वाटतो आणि काही गाण्यांनंतर रडगाण्याची सवय होऊन बसतो. आणि स्त्री! दोन्ही अल्बममध्ये बाई जिथे जिथे येते तिथे ती बहुधा फसवणारी किंवा मिळवण्याची वस्तू असते. ही गोष्ट ‘वस्तीची भाषा’ म्हणून माफ करणे हा त्या वस्तीतल्या बायकांचा अपमान आहे.

इथे कुणीतरी नामदेव ढसाळांचे नाव घेणार. घ्यावेच. ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. त्यांनी काय केले? न कळलेल्या शब्दांचे अर्थ कवीलाच विचारले, त्या जगात पाय ठेवला, आणि आपली अडचण वाचकापासून लपवली नाही. परीक्षकाने नव्या भाषेसमोर कसे उभे राहावे याचा हा वस्तुपाठ आपल्याच भाषेत उपलब्ध आहे. मात्र ढसाळांच्या शिवीचे नाव घेऊन प्रत्येक शिवीचे समर्थन करता येत नाही. ढसाळांची शिवी व्यवस्थेच्या छाताडावर जाऊन आदळते. स्टॅनची शिवी बऱ्याचदा जुन्या मैत्रिणीच्या किंवा प्रतिस्पर्धी गायकाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरते. शिवी कुठवर पोचते, हे मोजणे आपल्याला येते. मग आपण ते का करत नाही?

आपण करत नाही म्हणून दुसरे लोक करतात. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे याच्या ‘खोक्यां’वरच्या रॅपबद्दल अंबरनाथला गुन्हा नोंदवला गेला. वडाळ्याच्या उमेश खाडे याच्यावरही त्याच महिन्यात त्याच्या गाण्यामुळे गुन्हा दाखल झाला. मुंगासेच्या गाण्यात ना पक्षाचे नाव, ना पुढाऱ्याचे. जून २०२२ च्या सत्तांतरानंतर महाराष्ट्रात ‘खोके’ या शब्दाला जो अर्थ चिकटला, त्याच्यावर सगळे गाणे उभे. म्हणजे वाच्यार्थाने त्यात कुणाचीच बदनामी नाही. आहे ती व्यंजनेने. मम्मटाचा ‘काव्यप्रकाश’ शिकवणारे आम्ही वर्गात अभिधा-लक्षणा-व्यंजनेची तीच ती उदाहरणे घोटत बसलो, आणि तिकडे तक्रारदाराने व पोलीस ठाण्याने व्यंग्यार्थ बिनचूक ओळखून त्याला कलमेही लावली!

त्यानंतर जे लेख आले ते अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर. ते आवश्यक होते; त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण गाणे म्हणून ते कसे आहे, हे कुणीच लिहिले नाही. माझे मत असे: मुंगासेचे गाणे एका प्रतिमेच्या बळावर उभे आहे, आणि ती प्रतिमा त्याने घडवलेली नाही, ती सभांमधून आणि चहाच्या टपऱ्यांवरून त्याच्याकडे आली. त्याचे कौतुक करायचे तर मराठवाडी ढंगाच्या सरळ बोलण्याचे करावे. दोन वर्षांनी खोक्यांचा संदर्भ विझल्यावर त्यात काय उरेल, याची मला शंका आहे. असे म्हटल्याने पोलिसांची बाजू घेतली असे होत नाही. वाईट गाणे लिहिण्याचे स्वातंत्र्यही स्वातंत्र्यच असते, आणि गुन्ह्याची कागदपत्रे हे त्या गाण्याचे एकमेव लिखित परीक्षण म्हणून शिल्लक राहणे ही आपल्या विषयाला शरमेची गोष्ट आहे. त्याच महिन्यात आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत एका रॅपचे चित्रीकरण झाल्यावरून गदारोळ उठला. गुन्हा नोंदवला गेला, चौकशी समितीही नेमली गेली. परवानगी कुणी दिली, याची चौकशी झाली. विद्यापीठात मराठीचा विभाग आहे, ललित कलांचा विभाग आहे. त्या गाण्याविषयी एक पान कुणाकडून मागावे असे कुणाला सुचले नाही.

‘इंडी पॉप’ म्हणजे चित्रपटाबाहेरचे, स्वतंत्रपणे काढलेले हलके गाणे. त्याच्याबाबतीत आपला पूर्वग्रह वेगळा आहे. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ १९९८ चा, संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचे ‘आयुष्यावर बोलू काही’ २००३ चे. यांच्याविषयी आपण बोललो, कारण कवी आपल्या ओळखीचा होता. ‘गारवा’त कवितेचे वाचन आणि गाणे यांची गुंफण होती, कॅसेटची बाजू संपेपर्यंत क्रम मोडता येत नसे, आणि पावसाळी हळवेपणाची जी मात्रा त्यातून मिळाली ती आपल्या वर्गाला मानवली. तो हळवेपणा पुढे किती पातळ झाला, हे मात्र कुणी लिहिले नाही.

आज संजू राठोड हा जळगाव जिल्ह्यातला तरुण स्वतः लिहितो, स्वतः गातो आणि त्याची ‘गुलाबी साडी’ (२०२४) लग्नाच्या प्रत्येक मांडवात वाजते. आपले लोक तिला वाह्यात म्हणून मोकळे होतात. मी ती शृंगाराच्या लावणीशेजारी ठेवून पाहिली. लावणीतली नायिका आरशात पाहते किंवा शाहीर तिचे नखशिखांत वर्णन करतो. इथे नटलेली नायिका प्रियकराला फोटो काढायला सांगते. आरशाची जागा मोबाईलने घेतली, एवढेच असते तर ती कोटी झाली असती. पण गाणे ऐकणारी प्रत्येक मुलगी त्याच गाण्यावर स्वतःची छोटी चित्रफीत काढते, म्हणजे गाण्यातली नायिका जे मागते ते गाणे ऐकणारीला प्रत्यक्ष करायला लावते. आशय आणि वापर इतके एकजीव झालेले मराठी गाणे मला दुसरे पटकन आठवत नाही. त्याच कारणाने ते चाळीस सेकंदांत संपते. उरलेला भाग पुनरुक्ती आहे. त्याच वर्षीचे क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ एका डच कंपनीने प्रसिद्ध केले, तेव्हा आपल्याकडे फक्त अभिमानाच्या बातम्या आल्या. मराठी सातासमुद्रापार गेली म्हणे. शीर्षकात कातडीचा रंग आहे, यावर चार ओळी लिहिण्याइतकीही उसंत कुणाला मिळाली नाही.

लोकगीताबाबत आपला अपराध सर्वांत मोठा आहे, कारण तिथे आपण अज्ञानाची सबब सांगू शकत नाही. लोकसाहित्य हा आपल्या अभ्यासक्रमातला विषय. अशोक दा. रानडे यांचे ‘लोकसंगीतशास्त्र’ १९७५ पासून उपलब्ध आहे. तरीही वामनदादा कर्डकांच्या (१९२२–२००४) गाण्यांचे आपण काय केले? जयंती-पुण्यतिथीला गौरव केला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, १ जानेवारीला कोरेगाव भीमाला भीमगीतांच्या कॅसेट, मग सीडी मांडून विकल्या गेल्या. कित्येक गायकांचे आयुष्य त्यांवर गेले. त्यांपैकी कुठली ध्वनिफीत सरस आणि कुठली घाईने उरकलेली, हे कुठल्याही वाङ्मयीन नियतकालिकाने वाचकाला सांगितलेले मी पाहिले नाही. कडुबाई खरात एकतारीवर गातात. त्यांच्याविषयी जे जे छापून येते त्यात त्यांची गरिबी असते, कष्ट असतात, मोबाईलमुळे त्या घरोघर कशा पोचल्या हे असते. गळा नसतो! एकतारीच्या एकाच स्वरावर तोल सांभाळून ओळीचे शेवटचे अक्षर त्या ज्या ताकदीने ओढतात, आणि वाद्यमेळ मागे आल्यावर तीच ताकद कशी दबून जाते, हे सांगायला गरिबीची गोष्ट लागत नाही.

‘स्वदेसी’ या मुंबईच्या समूहाने २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ काढले. आरेच्या जंगलातले वारली गायक प्रकाश भोईर त्यात आहेत. आरेतली झाडे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तोडली गेली, त्यामुळे गाण्याला आंदोलनाचे वजन आले आणि त्याविषयी बोलणारा प्रत्येक जण आंदोलनाविषयी बोलला. मला त्या गाण्यात भोईरांचा आवाज शिल्लक राहतो; रॅपची कडवी बाजू बरोबर घेतात आणि पत्रकासारखी ऐकू येतात. लोकगायकाला ध्रुपदापुरते बोलावून मुख्य वक्तव्य शहरी तरुणांनी करायचे, ही वाटणी न्याय्य आहे का? समूहातल्या मंडळींना या प्रश्नाचे वावडे असेल असे वाटत नाही. प्रश्न विचारणारेच नाहीत.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: गाणे हे प्रयोगाचे असते, आपण साहित्याचे लोक, संगीतातले आपल्याला काय कळते? हाच आक्षेप मानायचा तर ओवी, भारूड, पोवाडा, नाट्यपद सगळेच अभ्यासक्रमातून काढावे लागेल. यातले काहीही आधी डोळ्यांनी वाचले गेलेले नाही. बॉब डिलनला २०१६ चे नोबेल मिळाले तेव्हा गीत साहित्य आहे की नाही यावर आपल्याकडेही हिरिरीने वाद झाला. २०१८ मध्ये केंड्रिक लामारच्या अल्बमला पुलित्झर मिळाले तेव्हाही माना डोलल्या. पारितोषिक परक्याने दिले की आपल्याला गीताचे साहित्यमूल्य तत्काळ पटते. आणि संगीत कळत नाही म्हणाल तर केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावाने गायकांवर लिहीत, वामनराव देशपांड्यांचे ‘घरंदाज गायकी’ १९६१ चे. रागसंगीतावर बारकाईने, नावे घेऊन, प्रसंगी बोचरे लिहिण्याची सवय मराठीला होती. तो कान वस्तीपर्यंत गेला नाही, एवढेच.

शिवाय छंदशास्त्र आपल्याला येते, ते कुठे ठेवायचे? रॅपची ओळ चार ठोक्यांच्या चौकटीत बसते. त्यात अक्षरे किती कोंबायची हे गाणारा ठरवतो. म्हणजे अक्षरगणवृत्तापेक्षा हे मात्रावृत्ताला जवळचे, आणि ओवीच्या सैल चरणाला त्याहूनही. मराठी रॅपची एक मूलभूत अडचण मला या हिशेबात दिसते. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते. मग यमक आपोआप क्रियापदाच्या प्रत्ययावर पडते: करतो-मरतो, आला-गेला, बसलाय-फसलाय. ही यमके फुकटची असतात, कारण ती व्याकरणाने दिलेली असतात, कवीने मिळवलेली नसतात. दहा ओळी ऐकल्या की पुढची यमके ऐकणाराच पुरवू लागतो. चांगला लिहिणारा वाक्य उलटवतो, नाम शेवटी आणतो, किंवा यमक ओळीच्या पोटात लपवून शेवट मोकळा सोडतो. हिंदीलाही हीच अडचण आहे. स्टॅनच्या बऱ्या गाण्यांत ती तो बोलीतले, अनपेक्षित नाम ओळीच्या टोकाला ठेवून टाळतो, आणि कंटाळा केला की तोही क्रियापदांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. मराठीत लिहिणाऱ्या नव्या मुलांपैकी बहुतेकांना हे कुणी सांगितलेलेच नाही. सांगणार कोण? समाजमाध्यमांवर जे परीक्षण म्हणून फिरते त्यातले पुष्कळसे जाहिरातीचे असते. पाहणाऱ्यांचा आकडा हा निकाल, आणि तो निकाल रोज बदलतो.

माझ्या वर्गात फुलेनगर, धानोरी, कळस, येरवडा इकडची मुले असतात. त्यांतली निदान चार-पाच दरवर्षी मोबाईलवर रॅप लिहितात. मर्ढेकरांच्या कवितेवर त्यांना उत्तरपत्रिकेत टीका करता येते, निदान मार्गदर्शक पुस्तकातून उतरवता येते. स्वतःच्या ओळीत काय चुकले हे मात्र बोलता येत नाही, कारण त्या ओळीला लागू पडणारी परिभाषा आपण त्यांच्या हाती दिलेली नाही. म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. समीक्षेच्या प्रात्यक्षिकासाठी एक कवितासंग्रह आणि एक कादंबरी नेमतो, तसा एक अल्बम नेमा. तो नवा असावा, त्यावर कुणी काही लिहिलेले नसावे, म्हणजे उतरवायला काही मिळणार नाही. परंपरेवर एक परिच्छेद, त्याहून अधिक नको. बाकी उत्तर गाण्यांवर.

यंदा मी ‘तडीपार’ आणि ‘इन्सान’ हे दोन दिले आहेत. ‘इन्सान’ कमकुवत आहे हे माझे मत वर आलेच आहे. वर्गातल्या दोघींना ते अजिबात मान्य नाही. मला जे रडगाणे वाटते ती पुरुषाच्या रडण्याची पहिली मोकळीक आहे, असे एकीचे म्हणणे. दुसरी म्हणते, सर, तुम्ही हेडफोन लावून ऐकलेच नाही, वर्गाच्या स्पीकरवर त्याचा खालचा ठेका पोचतच नाही. दोघींना पाच-पाच पाने लिहून आणायला सांगितली आहेत.